आलीस तशी जा

कोनेरीकाका माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. दर नवरात्राला मी सासरहून, पापनाशमहून, माहेरी कुंभकोणमला यायची, तेव्हा ते देवीच्या मठाच्या पायरीवर खाली मान घालून सहाण धूत बसलेले असायचे. मी तोंड उघडायच्या आत म्हणायचे, "यमू आलीस का गे? डाव्या टाचेला भेग पडलीय, एरंडेल लाव." पोस्टातला शिपाई, फुलवाली पट्टम्मा, मुनसफ कोर्टातले कारकून, सगळी गल्ली त्यांना पायांवरून ठाऊक होती. कुणाच्या घरात आजारपण आहे, कुणाचं भांडण झालंय, तेसुद्धा ते चालीवरून सांगायचे.

नवख्या माणसाला वाटे, काय हा विनय! विनय कसला डोंबलाचा. काका मुळीच विनयशील नव्हते. चंदन जाड वाटलं म्हणून त्यांनी माझ्या आईला भर मठात झापलेलं मी ऐकलंय. त्यांची मान खाली गेली त्याचं कारण वेगळं होतं, आणि ते सांगायचं तर आधी त्यांची मान वर होती तेव्हाचं सांगायला हवं.

त्यांचे वडील तंजावरच्या वाड्यात देवीला चंदन चढवायचे. म्हणजे गंध लावायचे असं नव्हे. पाषाणाच्या मूर्तीचा चेहरा चंदनाच्या लेपानं पुरता झाकायचा आणि त्या ओल्या लेपातून बोटांनी नवा चेहरा घडवायचा. इकडच्या तमिळ देवळांतही ही रीत आहे, पण वाड्यातलं काम नाव घेण्याजोगं होतं म्हणतात. राजा निपुत्रिक गेला, कंपनीनं राज्य खालसा केलं, आणि वाड्यातली कितीतरी माणसं रिकामी झाली. काकांचे वडील तिथून उठून कुंभकोणमला आले आणि आमच्या मराठी गल्लीतल्या भवानीच्या मठात राहिले. त्यांच्यामागून काका. आम्हाला कळायला लागलं तेव्हा मुलखावर राणीचं राज्य होतं, गावात आगगाडी आली होती, आणि नवरात्रात देवीला चंदन चढवायचं काम कोनेरीकाकांचं होतं.

नऊ दिवस नऊ चेहरे. पहाटेपासून गल्लीतल्या बायका सहाणेवर खोड उगाळायच्या, हात भरून यायचे. लेप काशाच्या वाडग्यात घालून वर ओलं केळीचं पान झाकायचं. दुपारी पडदा पडला की काका आत. हत्यार म्हणाल तर दहा बोटं आणि पापण्यांच्या कडेसाठी माडाच्या झावळीचा एक हीर. दिवेलागणीला पडदा सरायचा आणि तिरुभुवनमचं रेशीम नेसलेली देवी नव्या चेहऱ्यानं समोर उभी राहायची. तो चेहरा एका रात्रीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी अभिषेकाआधी तो मोडायचा, आणि मोडायचा तो घडवणाऱ्यानंच. उजवा अंगठा कपाळावर टेकवून खाली हनुवटीपर्यंत ओढायचा आणि म्हणायचं, "आलीस तशी जा." मग पाणी. ते चंदन आम्हाला प्रसाद म्हणून मिळायचं.

आता नऊ दिवसांत नऊ चेहरे सुचायचे कसे? हे मी त्यांना लहानपणीच विचारलं होतं, कारण मला चौकशा फार. काका म्हणाले, "मला काय सुचतंय? माझ्या डोक्यात भुसा आहे. गावात कुणाकडे तरी ते ठेवलेलं असतं. आपण जाऊन घेऊन यायचं." आणि खरंच, सकाळी स्नान झालं की उपरणं टाकून ते निघायचे. कावेरीचा घाट, विड्याच्या पानांचा बाजार, कासारांची आळी, महामखम् तळ्याच्या पायऱ्या. कुठेही उभे राहून लोकांच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. बायका पदर ओढून घ्यायच्या, पुरुष खेकसायचे. काकांना त्याचं सोयरसुतक नसे.

एका वर्षी सहाव्या दिवशी दुपार झाली तरी काही मिळेना. काका चिडून परत येत होते तर तळ्याच्या पायऱ्यांवर गलका. एका बाईचं पोर गर्दीत हरवलं होतं आणि तेवढ्यात सापडलं. ती त्याच्या पाठीत धपाटे घालत होती आणि त्याला घट्ट धरून रडतही होती. त्या संध्याकाळी पडदा सरला तेव्हा महिषासुराच्या छातीवर पाय देऊन उभ्या असलेल्या देवीच्या तोंडावर तेच होतं. राक्षसाला मारते आहे, आणि त्याचं तिला वाईटही वाटतंय. माझ्या वडिलांसारखा कोरडा माणूस डोळे पुसत बाहेर आला. अन्नपूर्णेच्या दिवशी तर त्यांनी माझ्या आईचा चेहरा घेतला होता, रसमचं मीठ चाखतानाचा. डोळे कुठेच नाहीत, सगळं लक्ष जिभेवर. आईला ते आठ दिवसांनी कळलं आणि ती लाजून महिनाभर त्यांच्यासमोर गेली नाही.

काकांना एकच मूल, मंगू. गावच्या मंगळांबिकेवरून नाव ठेवलेलं. मी आणि ती एका वयाच्या, दोघी अकरा वर्षांच्या. तिच्याइतकी खोडकर पोर मी आजवर बघितली नाही, आणि मी तिच्यावर जीव टाकायची. त्या वर्षी अष्टमीला काका दुपारी रिकाम्या हातांनी घरी आले. ओसरीवर आम्ही दोघी पल्लांगुळी खेळत होतो. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, लाकडी पाटाला दोन रांगांत खळगे असतात, त्यांत चिंचोके वाटत जायचं आणि समोरचीचे जिंकायचे. काका दारातच थांबले. मंगू पाटाकडे बघत होती. ओठ मिटलेले, पण गालात काहीतरी दडवलेलं, आणि पापण्या अर्ध्या खाली. काका तिच्याकडे बघत राहिले, मग वळले आणि धावत मठाकडे गेले. जेवलेसुद्धा नाहीत.

त्या संध्याकाळची देवी ज्यांनी बघितली त्यांतले आता फार थोडे उरलेत. मी सांगून काय होणार? तिला काहीतरी ठाऊक होतं आणि ते ती तुम्हाला सांगणार नव्हती, बस, एवढंच. लोक पडद्यासमोरून हलेनात. जुनी माणसं म्हणाली की वाड्यातसुद्धा असं झालं नव्हतं. शेजारच्या गावांत बातमी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अभिषेकाची वेळ झाली तेव्हा काका अंगठा पुढे करीनात. म्हणाले, आजचा दिवस राहू दे, बाहेरगावची माणसं यायची आहेत, उद्या मोडतो. पुजाऱ्यालाही मोह पडला होता. नवमीला नवा चेहरा झालाच नाही. आणि दसऱ्याच्या सकाळी पडदा सारला तर वाळलेलं चंदन कपाळापासून डाव्या डोळ्यातून खाली हनुवटीपर्यंत तडकलेलं होतं.

कार्तिकात गावात पटकी आली. मंगू दोन दिवसांत गेली.

गल्लीनं हिशेब मांडायला वेळ लावला नाही. मोडायचं ते मोडलं नाही, देवीचं देवीला परत केलं नाही, म्हणून तिनं मूळच नेलं. पुढे कुणीतरी आठवण काढली की अमक्या वर्षी काकांनी जिचा चेहरा घेतला तीही बाळंतपणात गेली होती. झालं. चेहरे घेऊनही ज्या बायका धडधाकट होत्या, माझ्या आईसकट, त्यांची आठवण कुणाला राहिली नाही. काका रस्त्यानं निघाले की आया आपल्या मुलींना आत ओढायच्या. माझ्या आईनंही मला ओढलं. दाराच्या फटीतून मी बघितलं, काका आमच्या दारावरून गेले, आणि त्यांची मान खाली होती. त्यांनी माणसांकडे बघणं सोडलं होतं. लोकांना घाबरून नव्हे, स्वतःच्या डोळ्यांना घाबरून.

काम मात्र सोडलं नाही. सोडणार कसं, दुसरं कुणी नव्हतं. बारा वर्षं त्यांनी देवीला चेहरा दिला तो मापाचा. चार बोटं कपाळ, इतकं नाक, इतके ओठ, शास्त्रात सांगितलंय तसं. त्यात चूक काढायला जागा नव्हती. लोक यायचे, हात जोडायचे, आणि दोन घटकांत घरी जाऊन हरभऱ्याचं सुंडल खायचे. काकांची बायको, सुंदराकाकी, ती तर मठाची पायरीसुद्धा चढेना. ती नवऱ्याशी भांडली नाही, बोलणंही टाकलं नाही. नवरात्राचे नऊ दिवस फक्त दार लावून घ्यायची.

मी तेवीस वर्षांची होते त्या नवरात्रात माहेरी आले तेव्हा मांडीवर पाच महिन्यांची मुलगी होती. पहिलं मूल गेलेलं, त्यामुळे हिला मी क्षणभर नजरेआड करत नव्हते. आल्या आल्या आईनं बातमी दिली. एका मिरासदारानं नवस फेडायचा म्हणून देवीला चांदीचा मुखवटा द्यायचं कबूल केलं होतं. पुढल्या वर्षापासून चंदन बंद. मुखवटा चढवला की झालं, उगाळणं नको, घडवणं नको, मोडणं नको. मठातल्या मोठ्या माणसांना सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्यांनी काकांना ते तसं सांगितलंही. काका म्हणाले होते, बरं होईल.

सप्तमीला चंदन उगाळायची पाळी माझी होती. वाडगा भरला की पडद्याशी न्यायचा, आतून काकांचा हात यायचा आणि वाडगा घ्यायचा, अशी पद्धत. त्या दुपारी शेवटच्या वाडग्याला हात आला नाही. मी हाक मारली, उत्तर नाही. मनात नाही नाही ते आलं आणि मी पडदा बाजूला केला. काका पाठमोरे उभे होते. मूर्तीवर चंदन चढवलेलं होतं आणि त्यात मंगू होती. अकरा वर्षांची, ओठ मिटलेली, गालात दडवलेलं ते तेच.  काकांनी अंगठा कपाळावर टेकवला आणि सर्रकन खाली ओढला. मंगू गेली. मग त्यांनी चंदन सारखं केलं, बोटं चालायला लागली, आणि बघता बघता पुन्हा मंगू. पुन्हा अंगठा. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. पाच वेळा तरी मी ती पोर येताना आणि जाताना बघितली.

माझा पाय हलला, त्या चाहुलीवरून मी तिथे आहे हे त्यांना कळलं. मागे वळले, मान खालीच. मला वाटलं ओरडतील. ते उंबऱ्याच्या आत बसले आणि हळू आवाजात बोलायला लागले.

"लोकांना वाटतं कोनेरीला आता काही सुचत नाही. सुचत नाही असं नाही गे यमू. एकच सुचतं. बारा वर्षं रोज दुपारी तीच येते. हात लावला की ती. ती पुसायची आणि मग उरलेल्या वेळात मापाचं काम उरकायचं."

 मी तशीच उंबऱ्याबाहेर बसले. काका बोटांवरचं चंदन खरवडत होते. मग त्यांनी विचारलं, आणि मला कळलं की हे त्यांना बारा वर्षं विचारायचं होतं.

"त्या दिवशी तू होतीस तिच्यासमोर. ती कशाला हसत होती? तिला कळलं होतं का काही? मला वाटतं तिला कळलं होतं. देवी तिच्यात आलीच होती, आणि मी बाप असून ते नुसतं बघून चोरून नेलं."

आता माझी पंचाईत झाली. खरं काय ते मला ठाऊक होतं. बारा वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण गेलेल्या माणसाची चहाडी कशी करायची? पण काका माझ्या पायांकडे बघत वाट बघत होते.

"काका," मी म्हटलं, "ती चोरी करत होती. माझे चार चिंचोके तिनं गुडघ्याखाली दाबून ठेवले होते. तिला वाटत होतं मला कळलेलं नाही. मला कळलं होतं, पण मी तिला पकडणार तेवढ्यात तुम्ही दारात आलात."

 मला वाटलं, आपण घोर पाप केलं. मग त्यांच्या पोटातून एक आवाज आला. पहिल्यांदा मला तो रडण्याचा वाटला. ते हसत होते. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. म्हणाले, "मिरासदार, वकील, शास्त्री, सगळ्यांनी साष्टांग घातले गे त्या चोरटीला," आणि पुन्हा हसायला लागले. हसता हसता त्यांची मान वर गेली. बारा वर्षांनी त्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघितलं, आणि ते तोंड माझं होतं. एक क्षण. त्यांचं हसू जागच्या जागी थिजलं. त्यांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि मला जा म्हणाले.

मी पळत घरी आले. खोटं कशाला सांगू, मी भ्यायले होते. पाळण्यात मुलगी झोपली होती, तिच्याकडे बघून मला रडू कोसळलं. आईनं सगळं काढून घेतलं माझ्याकडून, आणि मग तिनं मीठमिरच्या घेऊन माझी दृष्ट काढली, एकदा नाही तीनदा. उद्या मठात जायचं नाही म्हणाली. त्या संध्याकाळी देवीचा चेहरा मापाचाच होता. मी लांबून बघितला. नाक, डोळे, ओठ, सगळं जिथल्या तिथे.

त्या रात्री मी जो विचार केला तो मला आजही नीट मांडता येत नाही. काकांची दया आली होती हे खरं. पुढल्या वर्षी मुखवटा येणार, मग राहिलं ते राहिलंच, हेही खरं. पण त्याहून एक होतं. मला मंगूला बघायचं होतं. अकराची नको. बारा वर्षं मी एकटीच मोठी झाले होते. माझं लग्न झालं, सासर झालं, मूल आलं, मूल गेलं, दुसरं आलं, आणि हे सगळं जिला सांगायचं ती तिथेच ओसरीवर चिंचोके लपवत बसून राहिली होती.

अष्टमीच्या सकाळी आई नदीवर गेली तेव्हा मी मुलीला पाजलं, शेजारणीकडे ठेवलं आणि मठात गेले. काका सहाण धूत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"काका, वर बघा."

त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, ती माझ्या वयाची होती. आम्हा दोघींना एकाच साली गोवर आला, एकाच महिन्यात आमचे कान टोचले. आज ती कशी दिसली असती ते तुम्हाला माझ्याशिवाय कुणाकडे मिळणार आहे? तुम्हीच म्हणायचात ना, गावात कुणाकडे तरी ते ठेवलेलं असतं.

काका म्हणाले, "तुझी पोर लहान आहे."

"म्हणूनच सांगते," मी म्हटलं, "उद्या सकाळी मोडा म्हणजे झालं."

त्यांनी मान वर केली. किती वेळ बघत होते! मला वाटलं होतं की मी घाबरेन, पण पाचदहा क्षणांनी भीती गेली आणि नुसती लाज वाटायला लागली. इतक्या लक्षपूर्वक मला जन्मात कुणी बघितलं नव्हतं, नवऱ्यानंसुद्धा नाही. त्यांनी बोटानं हवेतच माझ्या तोंडाशेजारी दाखवलं आणि विचारलं, ही रेघ हसून आली की रडून? मी म्हटलं, दोन्ही. बरं, म्हणाले, आणि उठून आत गेले. पडदा पडला.

दिवेलागणीला पडदा सरला तेव्हा मी मुलीला घेऊन मागे उभी होते.  समोर मंगू होती. माझ्या वयाची, भरलेल्या गालांची, डोळ्यांखाली जरा थकलेली, तोंडाशी माझी रेघ. पण पापण्या तशाच अर्ध्या खाली आणि ओठ तसेच मिटलेले. अजून चिंचोके तिच्या गुडघ्याखालीच होते. मी वळले आणि धावत सुंदराकाकीचं दार वाजवलं. ती उघडेना. मी दाराला तोंड लावून एवढंच म्हटलं की काकी, मंगू आलीय, मोठी झालीय. कडी निघाली.

काकी आली तशीच, न विंचरलेल्या केसांनी. लोकांनी वाट दिली. ती देवीसमोर उभी राहिली, हात जोडले नाहीत, नमस्कार केला नाही. लेकीकडे बघतात तसं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग काकांकडे वळून म्हणाली, "वाळलीय. नीट जेवत नसेल." आणि तिथेच खांबाला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. बारा वर्षांत ती रडली नव्हती म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघंच होतो, काका, काकी आणि मी. काकांचा अंगठा कपाळापाशी गेला आणि थांबला. मी पदर तोंडात धरला. काकी म्हणाली, अहो, पोर जायला खोळंबलीय. काकांनी अंगठा खाली ओढला. "आलीस तशी जा." त्यांचा आवाज कापला नाही.

मग मी कार्तिक कसा काढला ते माझं मला ठाऊक. पापनाशमला परत गेले होते. साधा शिंकेचा आवाज आला तरी मी पाळण्याकडे धावायची. रोज उठून मुलीच्या अंगाला हात लावायचा, मग स्वतःच्या. कार्तिक संपला. मार्गशीर्ष संपला. मला साधा खोकलासुद्धा झाला नाही. संक्रांतीला आईचं पत्र आलं की कोनेरीराव हल्ली बाजारातून मान वर करून चालतात, आणि काल त्यांनी मिरचीवालीला ती हसते छान म्हणून सांगितलं तर तिनं त्यांना चार शिव्या घातल्या.

चांदीचा मुखवटा आला. आठ दिवस तो चढायचा. अष्टमी मात्र गल्लीनं काकांकडे ठेवली, मिरासदारालाही कुणी विचारलं नाही. दर वर्षी अष्टमीच्या सकाळी मी त्यांच्यासमोर बसायची, ते बघायचे, आणि संध्याकाळी मंगू एका वर्षानं मोठी होऊन यायची. माझी कानशिलं पांढरी झाली त्या वर्षी काकांनी चंदनात विभूती मिसळून तिच्या कानाशी लावली. नवरा गेला त्या वर्षी मी जाणार नव्हते, मठात विधवेला पुढे बसवायची रीत नव्हती. काका स्वतः आमच्या मागल्या दारी आले आणि तिथे उभ्यानं बघून गेले. त्या अष्टमीची देवी कुंकवाशिवाय असती तर मला दोष लागला असता. काकांनी तिला कुंकू लावलं, पण डोळे माझे दिले. गावात कुणाला कळलं नाही. काकीला कळलं. ती मला शेजारी घेऊन बसली.

शेवटच्या वर्षी काकांची दृष्टी अधू झाली होती. त्यांनी मला उजेडात बसवलं, मग अगदी जवळ आले, मग म्हणाले, दिसतंय तेवढं पुरे, बाकीचं हाताला ठाऊक आहे. संध्याकाळी पडदा सरला. शेहेचाळीस वर्षांची मंगू. तिच्याइतकी शांत बाई मी बघितली नाही, आणि तरी चोरटी ती चोरटीच. रात्री काकांना ताप चढला. सकाळी उठवेना. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, आज तू मोड.

मी म्हटलं, घडवणाऱ्यानंच मोडायची रीत आहे.

"मग? अर्धी तूच घडवलीस."

मी एकटी गाभाऱ्यात गेले. अंगठा तिच्या कपाळावर टेकवला. चंदन अजून गार होतं. ते तोंड मंगूचं होतं आणि माझंही होतं, आणि माझा अंगठा हलेना. तेव्हा मला कळलं की त्या वर्षी नवमीला काका का थांबले. आम्ही सगळे त्याला गर्व म्हणत आलो होतो. तो गर्व नव्हता. नुसता एक दिवस आणखी हवा होता, दुसरं काही नाही. मी डोळे मिटले आणि हात खाली ओढला. म्हणायचं ते म्हटलं.

परत आले तेव्हा काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी मोडलं म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, पुरतं? मी म्हटलं, पुरतं. ते वळले, माझा हात घेतला आणि अंगठ्याला लागलेलं चंदन स्वतःच्या कपाळावर पुसून घेतलं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

आता अष्टमीलाही मुखवटाच असतो. तो चांगला आहे, जड आहे, दर वर्षी घासून लख्ख करतात. मी मठात जाते, हात जोडते, घरी येते. मी सत्तरी ओलांडली. या वयात आई आरशासमोर इतका वेळ काय करते म्हणून लेक मला हसते. हसू दे. परवा डाव्या डोळ्याखाली एक नवी सुरकुती दिसली, बारीक, तिरकी, आजवर नव्हती अशी. मी तिच्यावरून बोट फिरवलं. एवढी काकांना दाखवायची राहिली.